नृसिंहवाडीतील धर्माध्ययन : पाठ, सेवा आणि चिकित्सा

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नृसिंहवाडी, बोलीभाषेत नरसोबाची वाडी किंवा नुसतीच वाडी, दत्तभक्तांना 'दत्तप्रभूंची राजधानी' म्हणून परिचित आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या या गावात धर्म शिकण्याच्या दोन वाटा फार जुन्या आहेत. एक मुखोद्गत वेदपठणाची, दुसरी पादुकांच्या नित्यसेवेची. ग्रंथ कधी रचला गेला, त्याची कोणती प्रत खरी, त्यातली कथा कुठून आली, हे विचारणारी तिसरी वाट मात्र वाडीत उगवली नाही. ती पुण्या-मुंबईच्या अभ्यासिकांतून, पुढे परदेशी विद्यापीठांतून वाडीकडे आली. ख्रिस्ती धर्मविद्यालयात ईशज्ञान, उपासना आणि ग्रंथचिकित्सा या तिन्ही गोष्टी एकाच अभ्यासक्रमात बसवलेल्या असतात आणि त्यांच्यातले भांडण विद्यार्थ्याला वर्गातच सोडवावे लागते. दत्तसंप्रदायात तशी व्यवस्था झाली नाही. त्यामुळे भांडणही फारसे झाले नाही, आणि संवादही झाला नाही.

वाडीचा इतिहास गुरुचरित्रापासून सुरू होतो. दत्तावतार मानले गेलेले नृसिंहसरस्वती मूळचे वऱ्हाडातल्या कारंज्याचे. त्यांचा काळ परंपरेने इ. स. १३७८ ते १४५८ असा धरला जातो. काशीला संन्यास घेऊन, बरीच तीर्थे करून ते कृष्णाकाठी आले, औदुंबरला राहिले, मग संगमावरच्या अमरापूर परिसरात बारा वर्षे राहून गाणगापूरला गेले. जाताना मागे ठेवलेल्या 'मनोहर पादुका' हेच वाडीचे दैवत. पुजारी घराणी आपला वंश जवळच्याच आलास गावच्या भैरंभट जेरे यांच्यापर्यंत नेतात. मंदिर विजापूरच्या आदिलशहाने बांधून दिले आणि पलीकडची औरवाड, गौरवाड ही गावे इनाम दिली, अशी आख्यायिका आहे. मंदिराला शिखर नाही याचे कारण लोक तेच सांगतात.

गाभाऱ्यात मूर्तीऐवजी पादुका असणे ही दत्तसंप्रदायाच्या तत्त्वज्ञानातली मध्यवर्ती गोष्ट आहे. दत्त हा 'स्मर्तृगामी', म्हणजे स्मरण करताच येणारा, आणि त्याचे अवतार मात्र एका ठिकाणी स्थिर न राहणारे यती. गुरू निघून गेला आहे आणि इथेच आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानायची असतील तर पादुकांइतके नेमके प्रतीक दुसरे नाही. ही मांडणी कुणी भाष्यग्रंथात सविस्तर केली म्हणून टिकली असे नव्हे. रोजच्या पूजेने ती टिकवली. वाडीतले धर्मशिक्षण समजून घेताना ही बाब लक्षात ठेवावी लागते.

वेदपठणाची पद्धत वाडीत जी आहे तीच महाराष्ट्रातल्या बहुतेक पाठशाळांत आहे. आठ-दहा वर्षांचा मुलगा मुंज झाल्यावर गुरूपुढे बसतो आणि 'संथा' घेतो. गुरू एक चरण म्हणतो, विद्यार्थी तो दोनदा म्हणतात. चरण झाले की अर्धी ऋचा, मग पूर्ण ऋचा, मग सूक्त. अनुदात्ताला मान खाली, स्वरिताला वर. लहान मुलाला हे स्वर कानाने पकडता येईपर्यंत गुरूचा हात त्याच्या मानेवर असतो. घेतलेली संथा दिवसभर घोकायची आणि दुसऱ्या दिवशी न अडखळता म्हणून दाखवायची. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. त्या दिवशी नवी संथा नाही. रविवारच्या सुट्टीची सवय झालेल्या पालकांना हे वेळापत्रक चंद्राच्या कलांवर चालते याची गंमत वाटते.

ऋग्वेदाच्या शाकल शाखेत दहा मंडले आणि १०२८ सूक्ते आहेत. पाठशाळेत मात्र हिशेब आठ अष्टके आणि चौसष्ट अध्यायांचा चालतो, कारण ती विभागणी पाठांतराच्या सोयीची आहे. संहिता झाली की पदपाठ, मग क्रमपाठ. क्रमात पहिले पद दुसऱ्याला जोडून, दुसरे तिसऱ्याला जोडून म्हणत जायचे. पुढच्या आठ विकृतींपैकी जटेत पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे अशी वेणी पडते. घनपाठात त्यावर आणखी पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे असा पीळ चढतो. उलट क्रमाने म्हणताना संधी बदलतात, स्वर बदलतात. एक मात्रा घसरली तर शेजारच्याला लगेच कळते. लेखनाचा आधार न घेता मजकूर शतकानुशतके जसाच्या तसा राहिला, त्याचे श्रेय या तपासणीला आहे. वैदिक पठणपरंपरेला युनेस्कोने २००३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाची उत्कृष्ट कृती म्हणून घोषित केले आणि २००८ मध्ये ती प्रातिनिधिक यादीत आली.

संहिता, ब्राह्मण, आरण्यक आणि त्यांच्या जोडीला शिक्षा, कल्प, व्याकरण, निघंटु, निरुक्त, छंद, ज्योतिष असे दहा ग्रंथ ज्याला मुखोद्गत, तो दशग्रंथी. इथे एक मजेदार पेच आहे. यास्काच्या निरुक्तात अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा दिलेली आहे. त्याच ग्रंथात मंत्रांना अर्थच नसतो असे म्हणणाऱ्या कौत्साचे मत मांडून त्याचे खंडनही केलेले आहे. दशग्रंथी विद्यार्थी हा सगळा वाद पाठ करतो, अर्थ न घेता पाठ करण्यावरच्या टीकेसकट. याला हसणे सोपे आहे. पण यास्काचा आक्षेप पंचवीस शतके पोहोचता झाला तो ज्यांच्यावर आक्षेप होता त्यांच्याच जिभेवरून, हेही तितकेच खरे आहे. पाठ करणारा आणि अर्थ लावणारा ही विभागणी भारतीय परंपरेला नवी नाही. वैदिक वेगळा, शास्त्री वेगळा, याज्ञिक वेगळा, असे मराठी समाजाने पूर्वीपासून मानले. पोटाचा प्रश्न आला की यांत याज्ञिकच तरतो. म्हणून चार-पाच वर्षे संहिता केल्यावर पुष्कळ विद्यार्थी याज्ञिकीकडे वळतात, आणि दशग्रंथांपर्यंत जाणारे थोडे उरतात.

वाडीत याज्ञिकीचा वर्ग म्हणजे प्रत्यक्ष मंदिर. पहाटेची काकडआरती, सकाळपासून भक्तांचे अभिषेक, दुपारची महापूजा, त्यानंतर पवमान सूक्तांचे पठण, संध्याकाळी धूपारती आणि पालखी, रात्री शेजारती, असा दिवस बांधलेला आहे. पवमान सूक्ते ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातली, सोमरस गाळण्याच्या विधीची. त्या मंडलातली ११४ च्या ११४ सूक्ते सोमाची आहेत. सोमयाग आता क्वचित होतात. गाळण्यातून वाहणाऱ्या रसाची ती स्तुती आज पादुकांवरून वाहणाऱ्या पंचामृताला लागू केली जाते. वैदिक मंत्राचा जुना विनियोग मागे पडून नवा कसा रुजतो, याचे हे डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. अभ्यासकाला त्यावर प्रबंध लिहिता येईल. पुजाऱ्याच्या दृष्टीने ती नेहमीची दुपार आहे.

पालखीच्या वेळची गोष्ट आणखी निराळी. तिथे वेद मागे सरतो आणि मराठी पदे पुढे येतात. पालखी प्रदक्षिणेत ठरल्या जागी थांबते, ठरलेली पदे म्हटली जातात, आणि गर्दीतल्या पुष्कळांना ती पाठ असतात. संस्कृत मंत्राचा अधिकार जन्मावर ठरत होता त्या काळातही पद म्हणायला कुणाला आडकाठी नव्हती. दत्तसंप्रदायाची शिकवण बहुजनांपर्यंत पोहोचली ती बव्हंशी या पदांतून, आरत्यांतून आणि पारायणांतून.

आणि मग नदी. पावसाळ्यात कृष्णा चढू लागली की पाणी पायऱ्या चढून मंडपात, मंडपातून गाभाऱ्यात येते. पादुकांना स्पर्श करून ते दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की 'दक्षिणद्वार सोहळा' होतो. ते पाणी तीर्थ मानून भाविक त्यात स्नान करतात. पाणी चढताना होतो तो 'चढता' आणि ओसरताना होतो तो 'उतरता' दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात आणि नित्यक्रम तिथे चालू राहतो. नदीकाठच्या इतर गावांत ज्याला पूर म्हणतात, त्याच्या पहिल्या टप्प्याला वाडीने पर्वणी केले. अर्थात २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पर्वणी आणि आपत्ती यांमधली रेषा पुसली गेली. २०१९ मध्ये तर शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे सोडावी लागली. या अनुभवातून काही धर्मविचार निघाला का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. लेखी स्वरूपात तरी तो अजून दिसत नाही.

दत्तसंप्रदायाचे लिखित ईशज्ञान मुख्यतः गुरुचरित्रात आहे. सायंदेव या नृसिंहसरस्वतींच्या शिष्याच्या वंशातल्या सरस्वती गंगाधराने सोळाव्या शतकात हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. आपल्याला मराठी येत नव्हती असे कवी आरंभीच सांगतो. त्याच्या घराण्याची भाषा कानडी होती असे यावरून मानले जाते. गाणगापूर, वाडी, कुरवपूर ही स्थाने पाहिली की हा संप्रदाय मराठी-कानडी सीमेवरचा आहे हे नकाशावरच दिसते. ग्रंथाचे स्वरूप सरळ तत्त्वचर्चेचे नाही. गोष्टी, व्रते, क्षेत्रमाहात्म्ये, आचारधर्म आणि कर्मविपाक यांची ती भरगच्च वीण आहे. छत्तीस-सदतीसाव्या अध्यायांत तर पहाटे उठण्यापासूनचा दिनक्रम सांगितला आहे. अठराव्या अध्यायात वाडीच्या संगमाचे वर्णन आणि गरीब ब्राह्मणाची कथा येते. त्याच्या दारचा घेवड्याचा वेल, म्हणजे घरातल्या पोटापाण्याचा एकमेव आधार, गुरू उपटून टाकतात. रडारड होते, आणि वेलाचे मूळ खणताना द्रव्याचा हंडा सापडतो. वाडीतल्या कीर्तनकाराला या एका कथेवर अख्खी रात्र काढता येते.

धर्माध्ययनाच्या दृष्टीने मात्र पंचवीस ते अठ्ठावीस हे अध्याय सर्वांत महत्त्वाचे. दोन विद्वान ब्राह्मण यवन राजाच्या दरबारी वेद म्हणून धन मिळवतात आणि गावोगाव जयपत्रे मागत हिंडतात. त्रिविक्रमभारती त्यांना नृसिंहसरस्वतींकडे घेऊन येतो. गुरू आधी त्यांना वेदांचा विस्तार सांगतात. किती शाखा, किती उपांगे, एका माणसाच्या आयुष्यात त्यातले किती येईल. सव्विसावा अध्याय जवळजवळ पूर्ण याच विषयाला दिलेला आहे आणि कथेच्या ओघात वाचकाला तो रुक्ष वाटतो. पण त्यातला मुद्दा रुक्ष नाही : वेद पुरा येतो असे म्हणणाऱ्याला वेद किती मोठा आहे हेच माहीत नाही. ब्राह्मण ऐकत नाहीत. तेव्हा गुरू रस्त्याने जाणाऱ्या एका अंत्यजाला बोलावतात, जमिनीवर सात रेघा ओढतात, आणि एकेक रेघ ओलांडताना त्याला एकेक मागचा जन्म आठवत जातो. सातव्या रेघेवर तो वेदवेत्ता ब्राह्मण होतो आणि वाद करायला पुढे येतो. गर्विष्ठ विद्वान तिथेच हरतात.

ही कथा इथे संपली असती तर तिचा अर्थ एकच झाला असता. पुढच्या अध्यायात तो मनुष्य, आता मला माझ्या जुन्या जातीत परत जायचे नाही, असे म्हणतो. गुरू त्याला पूर्वकर्माचा हिशेब सांगतात, त्याच्या अंगावरचे भस्म धुऊन टाकायला लावतात, आणि सगळे विसरून तो घरी जातो. विद्येचा गर्व मोडण्यासाठी जातीची भिंत क्षणभर पाडायची आणि काम झाल्यावर पुन्हा उभारायची, असा हा प्रकार आहे. पारंपरिक प्रवचनात भर पहिल्या अर्ध्यावर असतो, आधुनिक समीक्षेत दुसऱ्या. दोन्ही अर्धे एकत्र ठेवून वाचणे हे खरे धर्माध्ययन, आणि ते क्वचितच होते. ग्रंथकर्त्याला स्वतःला हा पेच जाणवला असावा, नाहीतर त्या माणसाच्या तोंडी परत न जाण्याचा हट्ट त्याने घातला नसता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परंपरेला वासुदेवानंद सरस्वती, अर्थात टेंबे स्वामी, यांच्या रूपाने एक शास्त्री लाभला. जन्म १८५४, सावंतवाडीजवळच्या माणगावचा. वेद, ज्योतिष, वैद्यक, मंत्रशास्त्र यांचे शिक्षण घरच्या आणि गावच्या परंपरेतून. वाडीला गोविंदस्वामींकडून त्यांना उपदेश मिळाला असे चरित्रकार सांगतात. पत्नीच्या निधनानंतर १८९१ मध्ये संन्यास, मग देशभर पायी भ्रमण, आणि १९१४ मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधी. गुरुचरित्र त्यांनी वेगवेगळ्या आकारांत पुन्हा पुन्हा लिहिले. ते संस्कृतात समश्लोकी आहे, दोन हजार श्लोकांची द्विसाहस्री आहे, मराठीत सातशे ओव्यांची सप्तशती आहे. दत्तपुराणाची रचना त्यांनी ऋग्वेदासारखी आठ अष्टकांची आणि चौसष्ट अध्यायांची केली. पाठशाळेत वाढलेल्या माणसाला ग्रंथ म्हटल्यावर कोणता साचा आठवतो ते यावरून कळते. सप्तशतीच्या ओव्यांतले ठरावीक अक्षर घेत उभे वाचत गेले की गीतेचा पंधरावा अध्याय तयार होतो. त्या अध्यायाचे श्लोक वीस, अक्षरे सातशेच्या घरात, म्हणून ओव्याही सातशे. ही कारागिरी आजच्या वाचकाला शब्दांचा खेळ वाटेल. त्यामागची धारणा अशी की गुरूचे चरित्र आणि गीतेचा पुरुषोत्तमयोग हा एकच मजकूर आहे, एक आडवा वाचायचा आणि एक उभा.

टेंबे स्वामी आचाराच्या बाबतीत कर्मठ होते. सोवळे, भिक्षेचे नियम, समुद्रोल्लंघन या विषयांत त्यांची मते काळाच्या उलट दिशेची होती. स्त्रियांनी गुरुचरित्राचे पारायण करू नये हा संप्रदायातला दंडक त्यांच्याच अधिकाराने सांगितला जातो. आज अनेक घरांत स्त्रिया सप्ताह करतात आणि अनेक घरांत करत नाहीत. वाद अधूनमधून पेटतो, निकाल लागत नाही. दुसरीकडे त्यांचीच करुणात्रिपदी आज दत्तमंदिरांत जात, लिंग, वय न पाहता सगळे मिळून म्हणतात. कर्मठ यतीच्या लेखणीतून सर्वांत सार्वजनिक झालेली रचना उतरावी, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. शास्त्र आणि पद यांचे श्रोते त्यांच्या मनात वेगळे होते. त्यांच्या शिष्यांपैकी गुळवणी महाराज कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुडुत्रीचे. पेशाने चित्रकला शिक्षक असलेल्या या गृहस्थाने पुण्यात राहून गुरूचे वाङ्मय ग्रंथमालेच्या रूपाने छापून काढले. एरवी ते मठामठांत विखुरले असते.

कुणी शिकायचे, हा प्रश्न कोल्हापूर संस्थानात टेंबे स्वामींच्या हयातीतच उघड्यावर आला होता. १८९९ मध्ये पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले गेले आणि वेदोक्त प्रकरण सुरू झाले. राजोपाध्यांची वतने जप्त झाली, प्रकरण वर्षानुवर्षे धुमसले. महाराज तक्रारीवर थांबले नाहीत. सत्यशोधक पद्धतीचे विधी करणारे पुरोहित तयार करण्यासाठी शाळा निघाली. १९२० मध्ये श्री शिवाजी वैदिक विद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी पाटगावच्या मौनी महाराजांच्या पीठावर सदाशिवराव बेनाडीकर क्षात्रजगद्गुरू म्हणून बसले. म्हणजे ज्या पंचगंगेच्या संगमावर वाडीत पिढीजात पुरोहितशिक्षण चालू होते, त्याच नदीच्या वरच्या अंगाला अब्राह्मण पुरोहितांचे विद्यालय उघडले. दोन्हींमध्ये मंत्र पुष्कळसे तेच होते. महाराष्ट्रातल्या धर्मशिक्षणाच्या इतिहासात हे विद्यालय जितके यायला हवे तितके येत नाही. शाहूचरित्रात त्याचा उल्लेख राजकारणाच्या प्रकरणात होतो आणि तिथेच राहतो.

ग्रंथचिकित्सेची वाट विसाव्या शतकात रुळली. गुरुचरित्राच्या छापील प्रतींत अध्यायसंख्या ५१, ५२, ५३ अशी वेगवेगळी आढळते, ओव्यांची संख्याही जुळत नाही. रामचंद्र कृष्ण कामत यांनी हस्तलिखिते पडताळून १९३७ मध्ये काढलेली आवृत्ती या बाबतीत पायाभूत ठरली. विशेष म्हणजे ती पारायणाच्या पोथीसारखीही वापरली जाते. चिकित्सा केलेला पाठ भक्तांनी स्वीकारल्याचे असे उदाहरण मराठीत विरळा. पुढे रा. चिं. ढेरे यांनी 'दत्त संप्रदायाचा इतिहास' लिहून विषयाची चौकट बदलली. महानुभावांच्या पंचकृष्णांतले दत्तात्रेय, नाथपंथाशी असलेले धागे, देवगिरीच्या जनार्दनस्वामींची आणि त्यांच्यामागून एकनाथांची परंपरा, अंबेजोगाईचे दासोपंत, हुमणाबादचे माणिकप्रभू, अक्कलकोटचे स्वामी समर्थ हे सगळे त्यांनी एका पटावर मांडले. त्या पटावर वाडी हे एक मोठे केंद्र राहते, एकमेव राहत नाही. ह. शि. जोशी यांचा दत्तोपासनेच्या उगमावरचा इंग्रजी ग्रंथ १९६५ मध्ये बडोद्याहून आला. इटालियन अभ्यासक अँटोनियो रिगोपुलोस यांचा दत्तात्रेयावरचा ग्रंथ १९९८ मध्ये अमेरिकेत छापला गेला.

या अभ्यासातून पुढे आलेला सर्वांत अडचणीचा मुद्दा त्रिमुखी दत्ताचा. भागवतात अत्रि-अनसूयेला तीन पुत्र होतात. विष्णूच्या अंशाने दत्त, शिवाच्या अंशाने दुर्वास, ब्रह्म्याच्या अंशाने चंद्र. तिथला दत्त एकमुखी योगी आहे, चोवीस गुरूंची गोष्ट सांगणारा अवधूत. तीन तोंडे, सहा हात, गाय आणि चार कुत्री हे आजचे रूप पुष्कळ नंतरचे. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात तीन देव अनसूयेकडे बाळे होऊन राहतात, त्या कथेने दोन्ही कल्पना जोडल्या जातात. इतिहासकाराच्या लेखी ही वैष्णव, शैव आणि योगमार्गी प्रवाहांची एकत्र गुंफण आहे. भक्ताच्या लेखी देव आधीपासून तसाच होता, पुराणांनी तो टप्प्याटप्प्याने सांगितला. ही दोन विधाने एकमेकांना खोडत नाहीत, कारण पहिले ग्रंथांविषयी आहे आणि दुसरे देवाविषयी. मात्र हे समजावून सांगणारा शिक्षक पाठशाळेत नसतो, आणि विद्यापीठात असला तरी पाठशाळेचा विद्यार्थी तिथवर पोहोचत नाही.

याच्या उलट उदाहरणे वाडीच्या आसपासच आहेत. कृष्णेच्याच वरच्या काठी वाईला नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी प्राज्ञपाठशाळा उभी केली. तिथे पठणाऐवजी शास्त्रार्थ हा गाभा होता. १९१७ च्या सुमारास विनोबा तिथे काही काळ शिकायला राहिले. मीमांसाकोश आणि धर्मकोश तिथून निघाले. तिथेच तयार झालेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी 'हिंदुधर्माची समीक्षा' आणि 'वैदिक संस्कृतीचा विकास' लिहिले, पुढे मराठी विश्वकोश हाती घेतला. शास्त्री असून चिकित्सक, ही गोष्ट अशक्य नव्हती याचा वाई हा पुरावा आहे. दुसरे उदाहरण आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे. शिरोळ तालुक्याला लागून असलेल्या सीमाभागातल्या सदलग्याच्या जैन पुरोहित घराण्यात जन्मलेले उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राकृताचे प्राध्यापक झाले. कुंदकुंदाच्या प्रवचनसाराची त्यांनी १९३५ मध्ये काढलेली आवृत्ती जगभर प्रमाण मानली गेली. घरात पूजेची परंपरा आणि हाती हस्तलिखितांच्या ताडपत्रांची पडताळणी, दोन्ही एका माणसात नांदली. दत्तसंप्रदायाला असा पुरोहित-संशोधक मिळाला नाही. ढेरे भक्त होते, पण पुजारी नव्हते.

ख्रिस्ती परंपरेत तर ही सांगड संस्थेनेच घातलेली असते. गोव्यात राशोलचे सेमिनार १६१० पासून आहे. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण त्याच सासष्टी भागातले आणि घाटणीने ओवीबद्ध मराठी पुराण. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या धर्मविद्यालयात नारायण वामन टिळक शिकवत होते. पुण्यात पोपच्या अखत्यारीतली सेमिनरी १९५५ मध्ये कँडीहून आली आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून. तिथल्या विद्यार्थ्याला हिब्रू-ग्रीक व्याकरण, ग्रंथाच्या रचनाकाळाची चिकित्सा आणि रविवारची प्रत्यक्ष मंडळी ही तिन्ही ओझी एकाच आठवड्यात उचलावी लागतात. सकाळी ज्या उताऱ्याचे थर वेगळे केले त्यावरच संध्याकाळी प्रवचन करायचे असते. याने काहींची श्रद्धा डळमळते, काहींची घट्ट होते. प्रश्न टाळता मात्र कुणालाच येत नाही.

वाडीच्या पाठशाळकऱ्यापुढे आज दोन कागद असतात. उज्जैनच्या महर्षी सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानची वेदभूषण परीक्षा दहावीला आणि वेदविभूषण बारावीला समकक्ष धरली जाते, म्हणजे पुढे विद्यापीठाचे दार तत्त्वतः उघडे आहे. रामटेकचे कालिदास संस्कृत विद्यापीठ १९९७ पासून आहे, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून. तरी संहिता मुखोद्गत असलेला विद्यार्थी संशोधनाकडे वळण्याचे प्रमाण थोडे. एक तर बारा-चौदा वर्षांच्या पाठांतरानंतर पुन्हा पदवीची वर्षे घालवणे परवडत नाही, याज्ञिकी लगेच चार पैसे देते. दुसरे, विद्यापीठाला त्याचे पाठांतर ही विद्या म्हणून मोजता येत नाही. मुखोद्गत दहा हजार ऋचांना गुणपत्रिकेत रकाना नाही.

तो वळला तर करण्यासारखे काम भरपूर आहे. पालखीच्या पदांचे पाठ वाडी, औदुंबर आणि गाणगापूरला कुठे कुठे वेगळे पडतात, याची पद्धतशीर नोंद झालेली नाही. पूजापद्धतीच्या हस्तलिखित वह्या घराघरांत आहेत आणि घरे पूररेषेत आहेत. गुरू कन्या राशीत आल्यावर दर बारा वर्षांनी होणारा कन्यागत महापर्वकाळ २०१६ मध्ये झाला. त्या वेळच्या विधींचे चित्रण वृत्तवाहिन्यांनी केले, पण कोणता विधी कोणत्या पोथीच्या आधाराने झाला ते सांगणारा एकही ग्रंथ बाजारात नाही. हे लिहायला ढेऱ्यांची दृष्टी लागेल आणि गाभाऱ्यात जाण्याचा अधिकारही लागेल. पुढचा कन्यागत २०२८ च्या सुमारास येतो.